ड्यूटेरॉन बीमखाली प्रत्येक टार्गेटवर उमटणारे तेच प्रोटॉन-शिखर: कारण कसे ठरवावे

ड्यूटेरॉनच्या, म्हणजे ड्यूटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) केंद्रकांच्या, कमी ऊर्जेच्या बीमवर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. बीमची ऊर्जा काही शे केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) असते, सिलिकॉन डिटेक्टर मागच्या बाजूस, साधारण १३५ अंशांवर बसवलेला असतो आणि टार्गेटमध्ये ड्यूटेरियम मुळीच नसते. तरीही स्पेक्ट्रममध्ये २.५ ते ३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) या पट्ट्यात प्रोटॉनांचे एक ठळक शिखर उभे राहते. टार्गेट बदलले तरी ते जात नाही. मोजणी चालू असताना ते हळूहळू वाढते, बीमचा मार्ग किंचित सरकवला की त्याची उंची बदलते, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग केला तर आकडा वेगळाच येतो. मोजायची असलेली खरी अभिक्रिया याच पट्ट्यात असेल, तर सगळे काम अडून बसते.

या शिखराचे दोन नेहमीचे उगम आहेत. पहिला म्हणजे बीमनेच टार्गेटमध्ये, बीम आखणाऱ्या छिद्रांच्या कडांमध्ये किंवा बीमचा प्रवाह मोजणाऱ्या फॅरेडे कपात रुतवलेल्या ड्यूटेरियमवर होणारी ड्यूटेरॉन-ड्यूटेरॉन अभिक्रिया. दुसरा म्हणजे टार्गेटच्या पृष्ठभागावर साचणाऱ्या कार्बनच्या थरावर होणारी कार्बन-१२ (डी,पी) कार्बन-१३ ही अभिक्रिया, म्हणजे ड्यूटेरॉन आत जाऊन प्रोटॉन बाहेर पडणे. दोन्हींवरचे उपाय वेगळे असल्याने आधी निदान पक्के झाले पाहिजे. निदान न करता कोऱ्या, म्हणजे मोजायचा पदार्थ नसलेल्या, टार्गेटचा स्पेक्ट्रम वजा करून पुढे जाण्याची जी पद्धत रूढ आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. त्याचे कारण पुढे येईल.

ही अडचण या विषयाइतकीच जुनी आहे. १९३३ मध्ये बर्कली येथे अर्नेस्ट लॉरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या मूलद्रव्यांवर ड्यूटेरॉनांचा मारा केला, तेव्हा जवळजवळ प्रत्येक टार्गेटमधून सारख्याच पल्ल्याचे प्रोटॉन बाहेर पडताना दिसले. टार्गेट कोणतेही असो, प्रोटॉन तेच, यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की आघात होताच ड्यूटेरॉन स्वतःच फुटत असावा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रुसेल्सच्या सॉल्वे परिषदेत या मतावर आक्षेप घेतले गेले. १९३४ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत ऑलिफंट, हार्टेक आणि रदरफोर्ड यांनी ड्यूटेरियमयुक्त संयुगांवर ड्यूटेरॉन सोडले आणि ही अभिक्रिया किती विपुल प्रमाणात होते हे दाखवले. बर्कलीच्या सर्व टार्गेटांतून आलेले ते प्रोटॉन टार्गेटांत शिरलेल्या ड्यूटेरियममुळे होते, हे त्यानंतर मान्य झाले. प्रत्येक टार्गेटवर तेच शिखर दिसते, तेव्हा टार्गेटविषयी काही निष्कर्ष काढण्याआधी बीमविषयी शंका घ्यावी, असे मी म्हणतो ते या इतिहासामुळे.

ऊर्जेचा हिशोब आधी मांडावा

ड्यूटेरॉन-ड्यूटेरॉन अभिक्रियेची जी शाखा प्रोटॉन आणि ट्रायटॉन (ट्रिटियमचे केंद्रक) देते, त्या प्रोटॉन शाखेचे क्यू-मूल्य, म्हणजे मुक्त होणारी ऊर्जा, ४.०३ एमईव्ही आहे, म्हणून बीमची ऊर्जा नगण्य धरली तर प्रोटॉनला ३.०२ आणि ट्रायटॉनला १.०१ एमईव्ही मिळतात. कार्बन-१२ वरील (डी,पी) अभिक्रियेचे क्यू-मूल्य २.७२ एमईव्ही आहे. वरवर पाहता ही शिखरे एकमेकांपासून दूर असावीत असे वाटते आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो, कारण मागच्या कोनावर बीमची ऊर्जा या दोन शिखरांना परस्परविरुद्ध दिशांना ढकलते.

१३५ अंशांवर, १०० केईव्हीच्या बीमला ड्यूटेरॉन-ड्यूटेरॉन अभिक्रियेचे प्रोटॉन २.७९ एमईव्हीचे आणि कार्बनचे प्रोटॉन २.५३ एमईव्हीचे येतात. बीम ३०० केईव्हीवर नेला की पहिले २.६५ वर उतरतात आणि दुसरे २.६४ वर चढतात, म्हणजे दोन्ही शिखरे एकमेकांवर बसतात. ५०० केईव्हीला पहिले २.५८ वर आणि दुसरे २.७५ वर असतात. क्रम पूर्ण उलटलेला असतो. याचे कारण असे की हलक्या केंद्रकावर आदळणाऱ्या ड्यूटेरॉनच्या वेगाचा मोठा भाग संपूर्ण प्रणालीच्या पुढे जाणाऱ्या गतीत जातो आणि मागे फेकल्या जाणाऱ्या प्रोटॉनच्या ऊर्जेतून तेवढी वजावट होते, तर जड कार्बनच्या बाबतीत ही वजावट थोडी राहते आणि बीमने आणलेली जादा ऊर्जाच वरचढ ठरते.

म्हणून ज्या मांडणीत १३५ अंश आणि ३०० केईव्ही ही जोडी ठरलेली आहे, तिच्यात शिखराच्या जागेवरून उगम ओळखणे अशक्य आहे. डिटेक्टर कितीही चांगला असला तरी १०–२० केईव्हीचे अंतर डिटेक्टरपुढच्या फॉइलच्या आणि टार्गेटच्या जाडीत विरून जाते. अशा वेळी डिटेक्टरला हात न लावता बीमची ऊर्जा बदलावी. ३०० वरून ५०० केईव्हीवर गेल्यावर शिखर खाली सरकले तर ते ड्यूटेरियमचे, वर सरकले तर कार्बनचे, आणि एकाचे दोन झाले तर दोन्हींचे. कमी ऊर्जेकडे जाणारी चाचणी त्याहूनही सोपी आहे. १०० केईव्हीला कार्बनच्या सहा प्रोटॉनांचा विद्युत अडथळा इतका प्रबळ ठरतो की पातळ थरातून आलेले कार्बनचे शिखर व्यवहारात दिसतच नाही. ड्यूटेरियमचे शिखर मात्र तिथेही ठळक राहते.

ऊर्जा बदलण्याची सोय नसेल, तर दुसरा डिटेक्टर ९० अंशांवर बसवावा. ३०० केईव्हीला तिथे ड्यूटेरियमचे प्रोटॉन ३.१० आणि कार्बनचे २.७६ एमईव्हीवर येतात, आणि एवढा फरक कोणताही साधा सिलिकॉन डिटेक्टर स्पष्ट दाखवतो. पुढच्या ४५ अंशांच्या कोनावर तर फरक आणखी रुंदावतो. माझ्या मते अशा प्रयोगांत दुसरा डिटेक्टर ही चैन समजू नये.

इथेच आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ड्यूटेरॉन-ड्यूटेरॉन अभिक्रियेत दोन्ही केंद्रके एकसारखी असल्याने वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत प्रोटॉनांचे कोनीय वितरण ९० अंशांच्या दोन्ही बाजूंना सममित असते, पण सर्व कोनांवर समान मात्र नसते; काही दहा केईव्हीलाही ही असमानता स्पष्ट मोजता येते. म्हणून एका कोनावरील मोजणीवरून एकूण उत्पादन काढताना वितरण सर्व दिशांना सारखे धरले, तर उत्तर चुकते.

जोडीदार कण शोधावा

निदानाचा दुसरा मार्ग म्हणजे प्रोटॉनबरोबर जन्मलेल्या ट्रायटॉनचा शोध. ३०० केईव्हीच्या बीमला तो ९० अंशांवर ०.९३ आणि १३५ अंशांवर ०.५७ एमईव्हीचा असतो. कार्बनच्या अभिक्रियेत असा हलका जोडीदार नसतो.

अडचण अशी की डिटेक्टरपुढे लावलेली ॲल्युमिनियमची फॉइल नेमका हाच कण गिळते. फॉइल लावण्याचे कारण योग्यच आहे: टार्गेटवरून परत उसळणाऱ्या ड्यूटेरॉनांची संख्या प्रोटॉनांच्या कित्येक पट असते आणि त्यांना थांबवले नाही तर डिटेक्टर गुदमरतो. ३०० केईव्हीचे ड्यूटेरॉन ॲल्युमिनियममध्ये पावणेतीन मायक्रोमीटरच्या आसपास थांबतात, म्हणून ५ मायक्रोमीटरची फॉइल सर्रास वापरली जाते. या फॉइलमधून जाताना २.६५ एमईव्हीच्या प्रोटॉनची सुमारे ०.१३ एमईव्ही ऊर्जा खर्च होते, ०.९३ एमईव्हीचा ट्रायटॉन साधारण अर्धी ऊर्जा गमावून पलीकडे पोहोचतो, पण १३५ अंशांवरचा ०.५७ एमईव्हीचा ट्रायटॉन जेमतेम पार होतो किंवा आतच राहतो. याच अभिक्रियेच्या दुसऱ्या, न्यूट्रॉन देणाऱ्या शाखेतला हेलियम-३ तर ३ मायक्रोमीटरच्या आतच थांबतो. तेव्हा मागच्या डिटेक्टरवर ट्रायटॉन दिसला नाही, म्हणजे ड्यूटेरियम नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. ट्रायटॉन शोधायचा असेल तर तो ९० अंशांवर शोधावा.

फॉइल काढून पाहण्याचा मोह होत असेल, तर बीमचा प्रवाह आधी अगदी कमी करावा. एकेकटा परतलेला ड्यूटेरॉन जास्तीत जास्त ३०० केईव्हीचा असतो, पण दोन ड्यूटेरॉन एकाच स्पंदात मिसळले की बेरीज ०.६ एमईव्हीपर्यंत आणि तीन मिसळले की ०.९ पर्यंत जाते. म्हणजे स्पंदांच्या गर्दीतून तयार झालेल्या खोट्या रचना ट्रायटॉनच्या जागेच्याच जवळ येतात. त्यांची ओळख पटवणे अवघड नाही. प्रवाह निम्मा केल्यावर खरे शिखर निम्मे होते, दोन स्पंदांच्या मिसळीचे चौथ्या भागावर येते आणि तिनांच्या मिसळीचे आठव्या भागावर.

डिटेक्टरवर भरवसा ठेवण्याआधी

वरील सगळा युक्तिवाद ऊर्जेचे प्रमाणीकरण ५० केईव्हीच्या आत बरोबर आहे, या गृहीतावर उभा आहे. नेहमीचा अमेरिशियम-२४१ चा स्रोत ५.४९ एमईव्हीचे अल्फा कण देतो. प्लुटोनियम-२३९ आणि क्युरियम-२४४ त्याच्याबरोबर असले तर ५.१६ आणि ५.८० एमईव्हीचे आणखी दोन बिंदू मिळतात. पण हे तिन्ही बिंदू एकमेकांजवळ आणि आपल्या पट्ट्यापासून दूर आहेत, त्यामुळे रेषा खाली ओढून आणताना शून्याची जागा थोडी जरी चुकली तरी ती चूक २.६ एमईव्हीला जाणवते. शून्य पल्सरने, म्हणजे ठरावीक उंचीचे स्पंद देणाऱ्या उपकरणाने, तपासावे, आणि अल्फा स्रोताने प्रमाणीकरण करताना फॉइल काढून ठेवावी, कारण फॉइलमध्ये अल्फा कण प्रोटॉनपेक्षा कितीतरी पट अधिक ऊर्जा गमावतात.

याखेरीज दोन छोट्या गोष्टी. डिटेक्टरचा गळती-प्रवाह वाढला तर बायस (डिटेक्टर चालवणारे व्होल्टेज) पुरवणाऱ्या रोधावर व्होल्टेज खर्च होते (१० मेगओहमवर १ मायक्रोॲम्पिअर म्हणजे १० व्होल्ट), संवेदनशील थर पातळ होतो आणि शिखर खाली घसरते. ३ एमईव्हीच्या प्रोटॉनला सिलिकॉनमध्ये थांबायला सुमारे ९० मायक्रोमीटर लागतात, म्हणून १०० मायक्रोमीटरच्या डिटेक्टरला फारशी सवलत उरत नाही. शिवाय सरफेस बॅरियर डिटेक्टर प्रकाशालाही प्रतिसाद देतो. दाब मोजणाऱ्या आयन गेजच्या तंतूचा उजेड डिटेक्टरवर पडत असेल तर गेज बंद करून गोंगाट कमी होतो का ते पाहावे.

ड्यूटेरियम नेमके कुठे आहे

शिखर ड्यूटेरियमचे ठरले की पुढचा प्रश्न जागेचा. टार्गेट काढून घेऊन बीम मोकळ्या चौकटीतून जाऊ द्यावा. शिखर तसेच राहिले तर उगम टार्गेटच्या मागे, म्हणजे बहुधा फॅरेडे कपात आहे, किंवा पुढे, बीम आखणाऱ्या छिद्रांच्या कडांवर आहे. बीम मुद्दाम एका कडेवर घेतल्यावर मोजणी एकदम वाढली तर ती कडच दोषी आहे. शिखराच्या जागेतही सूचना असते: छिद्राच्या कडेवरून येणाऱ्या प्रोटॉनला डिटेक्टर वेगळ्या कोनातून पाहत असतो, त्यामुळे ते शिखर गणिताने ठरवलेल्या जागेपासून हटलेले किंवा फुगलेले दिसते.

सर्व पदार्थ सारखे ड्यूटेरियम धरत नाहीत. टायटॅनियम, झिर्कोनियम, पॅलेडियम आणि टँटलम ते मोठ्या प्रमाणात साठवतात. टायटॅनियममध्ये तर प्रत्येक अणूमागे जवळजवळ दोन ड्यूटेरियम अणूंपर्यंत मजल जाते. सोने आणि तांबे पुष्कळ कमी धरतात. वितळणबिंदू उच्च असतो म्हणून छिद्रांसाठी टँटलम निवडण्याची सवय आहे, पण ड्यूटेरॉन बीमसाठी ही निवड पुन्हा तपासून पाहण्यासारखी आहे. पातळ टार्गेटाच्या पाठीला आधार म्हणून टँटलम असेल तर हीच बाब अधिक गंभीर होते, कारण पार गेलेले सगळे ड्यूटेरॉन त्या आधारातच थांबतात.

रुतलेले ड्यूटेरियम बीमच्या पल्ल्याच्या टोकाशी साठते, आणि तिथे पोहोचेपर्यंत नवा ड्यूटेरॉन बरीचशी ऊर्जा गमावून बसलेला असतो. १३५ अंशांवर कमी ऊर्जेच्या ड्यूटेरॉनमुळे येणारा प्रोटॉन अधिक ऊर्जेचा असतो, हे वर पाहिलेच. त्यामुळे मागच्या कोनावर अशा शिखराची उतरंड उजवीकडे, म्हणजे जास्त ऊर्जेकडे पसरते, तर पृष्ठभागावरील पातळ कार्बन थराचे शिखर अरुंद आणि नीटस राहते. स्पेक्ट्रम हाताशी असेल तर प्रथम शिखराचा हा आकारच पाहावा. त्यासाठी वेगळी मोजणी करावी लागत नाही.

मात्र शिखर वेळेबरोबर वाढते, एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण ड्यूटेरियमचा साठा आणि कार्बनचा थर हे दोन्ही बीम चालू असताना वाढतात. फरक तापवल्यावर कळतो. टार्गेट काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापवले तर ड्यूटेरियम मोठ्या प्रमाणात निघून जाते आणि शिखर खाली येते. कार्बनचा थर तसाच राहतो.

उपाय, आणि वजाबाकीचा प्रश्न

कार्बनचा उगम बहुधा निर्वात पोकळीत राहिलेल्या तेलाच्या व इतर सेंद्रिय वाफेत असतो. बीमखाली ही वाफ विघटित होऊन टार्गेटवर काळपट डाग धरते. तेलविरहित पंप वापरणे आणि टार्गेटभोवती द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेली तांब्याची भिंत ठेवणे, हे दोन उपाय मिळून हा थर पुष्कळ आटोक्यात आणतात. बीम पडण्याची जागा टार्गेटवर मधूनमधून बदलावी.

अगदी कमी ऊर्जेच्या मोजणीत हाच थर वेगळ्या तऱ्हेने घातक ठरतो. १० केईव्हीच्या ड्यूटेरॉनसाठी प्रति चौरस सेंटिमीटर १ मायक्रोग्रॅम कार्बन, म्हणजे सुमारे ५ नॅनोमीटरचा डाग, पाव केईव्हीच्या आसपास ऊर्जा खातो. इथे अभिक्रियेचा क्रॉस-सेक्शन (ती घडण्याच्या शक्यतेचे माप) ऊर्जेच्या साधारण सहाव्या घाताने बदलत असल्यामुळे ऊर्जेतील अडीच टक्क्यांची घट उत्पादनात पंधरा टक्क्यांच्या आसपास दिसते. धातूंतील इलेक्ट्रॉनांमुळे विद्युत अडथळा किती कमी होतो, हे मोजणाऱ्यांना हा थर आणि ड्यूटेरियमची बदलती घनता यांचा हिशोब दिल्याशिवाय कोणताही दावा करता येणार नाही, कारण जो परिणाम ते शोधत आहेत तोही उत्पादनातील अशाच फरकाच्या रूपाने समोर येतो.

ड्यूटेरियमसाठी उपाय असे: छिद्रांच्या कडा डिटेक्टरच्या नजरेआड जातील अशी आडभिंत लावावी, फॅरेडे कप दूर मागे न्यावा, कपाचा तळ आणि छिद्रे बदलता येण्याजोगी ठेवून बीमच्या ठराविक मात्रेनंतर बदलावीत, आणि टार्गेटाला आधार हवाच असेल तर तो सोन्याचा किंवा तांब्याचा घ्यावा.

एवढे करूनही काही पार्श्वभूमी उरते आणि वजाबाकी करावी लागते. कोऱ्या टार्गेटवर सकाळी एकदा घेतलेला स्पेक्ट्रम दिवसभर वजा करणे चूक आहे, कारण ती पार्श्वभूमी स्थिर नसते. ती आतापर्यंत पडलेल्या मात्रेवर, तापमानावर आणि बीमच्या जागेवर अवलंबून असते, आणि कोऱ्या टार्गेटमध्ये साठलेले ड्यूटेरियम आपल्या टार्गेटमधल्या साठ्याएवढे असेल, असे मानण्यास कोणताही आधार नाही. याऐवजी टार्गेट आणि कोरे टार्गेट आळीपाळीने, छोट्या छोट्या तुकड्यांत मोजावे आणि प्रत्येक तुकडा एकत्रित मात्रेच्या नोंदीसह जतन करावा. त्याहून चांगले म्हणजे ज्या कोनावर ड्यूटेरियमचे शिखर एकटे उभे असते तिथला डिटेक्टर पहारेकरी म्हणून सतत चालू ठेवून, त्याच्या मोजणीवरून दुसऱ्या डिटेक्टरमधला वाटा त्याच क्षणी ठरवावा. दोन कोनांतील गुणोत्तर त्याआधी ड्यूटेरियमयुक्त टार्गेटवर, त्याच बीमऊर्जेला मोजून ठेवावे.

भाजक म्हणून वापरलेला प्रवाहही तपासून घ्यावा. कपातून निसटणारे दुय्यम इलेक्ट्रॉन ऋण व्होल्टेजच्या कड्याने परत ढकलले नाहीत, तर प्रवाह खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. शिवाय आयन स्रोतात साधे हायड्रोजन मागे राहिले असेल, तर त्याचा एकभारित रेणू-आयन वस्तुमानाने ड्यूटेरॉनच्या इतका जवळ असतो की सामान्य विश्लेषक चुंबक त्यांना वेगळे करत नाही. तो कपात प्रवाह भरतो, पण एकही ड्यूटेरॉन देत नाही. हायड्रोजनवर चालवलेला स्रोत ड्यूटेरियमवर आणल्यानंतर पहिल्या काही तासांत प्रति कूलॉम उत्पादन चढत जाताना दिसले, तर हे कारण प्रथम तपासावे.

शेवटची बाब सुरक्षिततेची आहे. ड्यूटेरॉन-ड्यूटेरॉन अभिक्रियेच्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉन शाखा जवळपास सारख्याच वेळा घडतात, म्हणून स्पेक्ट्रममध्ये ड्यूटेरियमचे प्रोटॉन दिसत आहेत याचा अर्थ जवळजवळ तितकेच, सुमारे २.४५ एमईव्हीचे न्यूट्रॉन त्याच जागेहून बाहेर पडत आहेत. सिलिकॉन डिटेक्टरमध्ये त्यांची खूण फारशी उमटत नाही, कारण न्यूट्रॉनच्या धक्क्याने सिलिकॉन केंद्रकाला जास्तीत जास्त ०.३३ एमईव्ही मिळतात आणि ती मोजणी गोंगाटाच्या पट्ट्यात हरवते. टार्गेटमध्ये ड्यूटेरियम नाही म्हणून न्यूट्रॉन मोजणारे उपकरण बंद ठेवलेले असेल, तर ते सुरू करून आधी छिद्रांच्या आणि कपाच्या बाहेरच्या बाजूने फिरवावे, आणि आकडा कळेपर्यंत बीमचा प्रवाह वाढवू नये.